चौथा रकाना

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा माझी यादी तयार होती. चार पानं, पाठपोट. कौलं अंदाजे अकराशे, वासे सव्वीस, पंप एक, टीव्ही एक, मिक्सर, गाद्या पाच, सोफा. मी हिशोबखात्यातला माणूस. संकट आलं की आधी रकाने आखतो, मग घाबरतो. तलाठी अंगणात छत्री धरून उभे होते आणि मी ओटीवर, कारण करोनाच्या दिवसांत पुण्याहून आल्यामुळे माझ्या हातावर चौदा दिवस घरातच राहण्याचा शिक्का होता. मी वाचत होतो, ते मधूनमधून काहीतरी टिपून घेत होते. शेवटी त्यांनी काकूला विचारलं, "आजी, तुमचं काय काय गेलं?"

काकू मागल्या दारातून पदराला हात पुसत आली. "वाडी गेली," म्हणाली. "बाकी आहे सगळं."

त्यांनी तेवढंच नीट लिहून घेतलं. मदतीच्या नियमात नारळी-पोफळीची वाडी बसत होती, माझा सोफा बसत नव्हता.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला दुपारी आलं. सकाळी अकराच्या सुमाराला काकूचा फोन झाला होता. "वारा सुटलाय, ठेवत्ये," एवढंच. त्यानंतर पाच दिवस काही नाही. ई-पास काढून ८ तारखेला निघालो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि पुढे बोर्ली पंचतनपर्यंत झाडं कापून केलेली, एक गाडी जाईल एवढीच वाट. दिवेआगरात शिरलो आणि आळीच ओळखू येईना. आमच्याकडे वाडीत भर दुपारी संधिप्रकाश असतो. त्या दिवशी तिथे नुसतं पांढरं ऊन होतं. तीनशे दहा पोफळींपैकी नव्वद उभ्या होत्या, बावीस माडांपैकी नऊ. घराचं अर्धं छप्पर उडालेलं. काकू अंगणात विटांच्या चुलीवर पेज ढवळत होती. मला बघून म्हणाली, "चपला पडवीत काढ. आत काचा आहेत."

चार दिवस राहायचं ठरवून आलो होतो, गणपतीपर्यंत राहिलो. त्यात माझा मोठेपणा काही नाही. कंपनीने तीन महिने बिनपगारी रजेवर पाठवलं होतं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी बायको-लेकीच्या पायात पायात येत होतो.

सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. काकूची वाडी बारा गुंठ्यांची. मी कागदावर गणित करून दाखवलं: सहा हजारांच्या आसपास. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं, म्हणजे तोवर काकू ऐंशीच्या पुढे. तिने कागद बघितला आणि विचारलं, "भात वाढू?"

शिक्क्याच्या चौदा दिवसांत घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून माळा उतरवायला घेतला. ताडपत्री बांधली होती तरी पाणी ठिबकतच होतं. एकेक वस्तू खाली आणून ओटीवर मांडली, आणि संध्याकाळी बघतो तर काकूचं त्यात जवळजवळ काही नव्हतंच. सगळं माझं. कोकणातलं घर हे पुण्या-मुंबईच्या अडगळीचं वसतिगृह असतं, हे कोणी उघड बोलत नाही. नवीन काही घेतलं की जुनं टाकवत नाही, मग "गावाला उपयोगी पडेल" म्हणून टेम्पोत चढवायचं. काकूला कधी कोणी विचारलं नाही. पंचवीस वर्षांत मी जे जे विकत घेतलं आणि ज्याचा मला कंटाळा आला, ते सगळं माझ्यासमोर ओळीने बसलं होतं.

वीज नव्हती, फोन लागत नव्हता. मी वही काढली आणि तीन रकाने आखले: वस्तू, साल, किंमत. आणि मग, का कोण जाणे, चौथा आखला: आनंद किती दिवस.

टेपरेकॉर्डर, १९९४, २,८०० रुपये. सहा महिने. यात खोट नाही, रात्री उशाशी घेऊन झोपायचो.

२९ इंची टीव्ही, २००४. मेव्हण्याकडे सपाट टीव्ही येईपर्यंत. सात महिने.

सोफा, २००९. पहिला डाग पडेपर्यंत. एकोणीस दिवस. तेही आनंदाचे म्हणवत नाहीत. कोणी चहा घेऊन बसलं की माझा जीव कपात असायचा.

ट्रेडमिल, २०१६, ४२ हजार. अकरा दिवस.

अगदी तळाला एक गंजलेली घंटी सापडली. सातवीत असताना वडिलांनी जुनी सायकल घेऊन दिली होती, तिची. दीडशे रुपये. दोन वर्षं, असं लिहिलं आणि थांबलो. त्यातले आठ महिने सायकल यायच्या आधीचे होते. बोर्लीच्या दुकानासमोरून जाताना मी ती मनातल्या मनात चालवायचो.

किंमत वाढत गेली आणि दिवस घटत गेले. ऑडिटला असा कागद समोर आला असता तर त्या कंपनीच्या मालकाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं असतं.

शिक्का फिका झाल्यावर बोर्लीच्या रस्त्याला चढावर जाऊन घरी फोन लावला. तिथे थोडी रेंज यायची. लेक मानसशास्त्र शिकते. तिला यादी वाचून दाखवली. ती हसत सुटली. "बाबा, याला हेडॉनिक ट्रेडमिल म्हणतात." मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच तसं नाव आहे. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या दोघांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली: माणूस सुखाला सरावतो, पट्टा पायाखालून सरकत राहतो आणि तो पळतो तरी तिथल्या तिथेच. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या लोकांना तपासलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. किती जणांना तपासलं, असं मी विचारलं. बावीस. एवढ्या नमुन्यावर मी सही करणार नाही, म्हणालो. "तुमची यादी तर एकाच माणसाची आहे," ती म्हणाली. मग रेंज गेली.

आता मूर्खपणाचा भाग.

त्या यादीने मला झपाटलं. सगळं काढून टाकायचं ठरवलं. भंगारवाल्याला बोलावलं, टीव्ही दिला, सोफ्याचा सांगाडा दिला, मिक्सर, कुकर, पत्र्याच्या पेट्या. ओटी रिकामी होत गेली तसं मला तरंगल्यासारखं वाटायला लागलं. इतकं हलकं मला नवीन गाडी घेतल्यावरही वाटलं नव्हतं. आणि गाडी घेतल्यावर जे होतं तेच झालं: आणखी हवं. माळा संपला तशी माझी नजर काकूच्या फडताळाकडे वळली. काकू काही म्हणजे काही टाकत नाही. सुतळीचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, करवंट्या, झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. ती दुपारी लवंडली होती. मी दोन गोणी भरल्या आणि टेम्पोत चढवल्या.

संध्याकाळी तिने विचारलं, "बिस्किटांचा तो चौकोनी डबा बघितलास?"

त्यात बी होतं. राखेत घोळून पुड्या बांधलेलं: दोरीला एक गाठ म्हणजे पडवळ, दोन गाठी दुधी, तीन शिराळं. वाडीची साफसफाई उरकेपर्यंत यंदाची पेरणी लांबली होती, ती दुसऱ्या दिवशी करायची होती. मी गाडी काढून बोर्लीला गेलो. भंगारवाल्याने वादळात उडालेल्या पत्र्यांचा डोंगर दाखवला. डबा सापडला, चेपलेला. आत राखसुद्धा नव्हती.

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "नाही ना मिळालं? मग जेव."

सकाळी नाकाला पदर लावून काठी टेकत ती आळीत गेली आणि तासाभराने पाच-सहा पुड्या घेऊन आली. दुधीचं बी एका घरून, शिराळ्याचं दुसऱ्या. "ही माझीच आहेत," म्हणाली. "गेल्या वर्षी मी दिली होती त्यांना." म्हणजे तिचा खरा डबा आळीभर पसरलेला होता आणि मी टेम्पोत चढवला ती नुसती त्याची शाखा.

इथे कोणाला वाटेल की काकू संतपदाला पोचलेली बाई आहे. अजिबात नाही. पडवळाचं बी मोजून सातच दिलं म्हणून शेजारणीला ती तीन दिवस घालून पाडून बोलत होती. वाडीत पडलेला प्रत्येक नारळ तिला पाठ असतो. एक कमी भरला तर कुंपणापलीकडच्या दिरांचं नाव घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. हातातल्या पाटल्या न्हाणीतसुद्धा उतरवत नाही. वस्तूंवर तिचा जीव आहे, माझ्यापेक्षा जास्तच. तरी वाडी आडवी झालेली असताना तिला रात्री गाढ झोप लागायची, आणि शाबूत फ्लॅटचा मालक असलेला मी आढ्याकडे बघत पडायचो. माझ्या वहीत हे कुठल्याच रकान्यात बसेना.

डब्याच्या प्रकरणानंतर माझ्याकडून घर आवरण्याचं काम काढून घेण्यात आलं. "तू हीर काढ," काकू म्हणाली. पडलेल्या माडांच्या झावळांचा ढीग खळ्यात पडून होता. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: झावळाचं एकेक पातं घ्यायचं, मधल्या शिरेला लागून कोयती ओढायची, दोन्हीकडची पात गळून पडते आणि हातात लवचीक काडी राहते. तो हीर. शेकड्यांनी जमले की एका टोकाला घट्ट बांधून खराटा. पहिल्या दिवशी तीन बोटं कापली आणि चाळीस हीर निघाले. काकूने त्यातले तीस चुलीत घातले.

पाचवा की सहावा दिवस असेल. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. मी पडवीत बसून पातं घेत होतो, ओढत होतो, टाकत होतो. आता हीर दिसेना म्हणून वर बघितलं तर अंधार पडला होता. म्हणजे तीनेक तास गेले होते. त्या तीन तासांत पगार, हप्ता, कंपनी परत बोलावेल का, काहीच आलं नव्हतं. चांगलं काही आलं होतं असंही नाही. पण छातीत काहीतरी सैल होऊन बसलं होतं, आणि मला हसू येत होतं, कशाचं ते सांगता येणार नाही. उठून कंदिलाशी वही उघडली. वस्तू: रेघ. साल: २०२०. किंमत: शून्य. चौथ्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि तशीच उचलली.

दुसऱ्या दिवशी अर्थातच मी तयारीने बसलो. तीच जागा, तीच वेळ, पाऊससुद्धा तोच. आणि काही नाही. पाठ दुखली, डास चावले. कारण हीर काढत नव्हतो, कालचं कधी येतंय याची वाट बघत होतो. सायकलीची वाट बघण्यात मजा होती, याची बघण्यात नव्हती. पुढे ते आलं, पण भलत्याच वेळी: एकदा कौलांवरचं शेवाळ घासताना, एकदा विहिरीवर नुसता उभा असताना. बोलावून एकदाही आलं नाही.

तेव्हा काकांची आठवण झाली. आम्ही हिरण्यकेशी, तैत्तिरीय शाखेचे. काका पहाटे तैत्तिरीय उपनिषद म्हणायचे आणि मी अंथरुणात पडून ऐकायचो. त्यातल्या आनंदवल्लीत आनंदाचा चक्क हिशोब आहे. तरुण, शिकलेला, धडधाकट माणूस आणि त्याच्या मालकीची धनाने भरलेली सगळी पृथ्वी, हे एक माप. त्याच्या शंभरपट वरच्या पायरीवर, त्याच्या शंभरपट आणखी वर, अशा दहा पायऱ्या थेट ब्रह्मापर्यंत. लहानपणी मला शून्यं मोजायला आवडायचं म्हणून तो भाग लक्षात राहिला. मात्र दर पायरीला एक शेपूट आहे, ते मी नुसतं तोंडाने म्हणायचो: आणि इच्छेने ज्याला झोडपलेलं नाही अशा जाणत्या माणसालाही तेवढाच. म्हणजे शिडी न चढता. हिशोबनीस म्हणून मला हे आजही पचत नाही, खर्ची न टाकता जमा कुठून आली? पण त्या पडवीतल्या तीन तासांची पावती माझ्याकडे नाही, आणि ते झाले नाहीत असंही म्हणता येत नाही.

विजेविना संध्याकाळी फार मोठ्या असतात. काकू आणि मी ओटीवर बसायचो. ती अडकित्त्याने सुपारी कातरायची आणि बोलायची. एकदा विषय सुवर्णगणेशाचा निघाला. १७ नोव्हेंबर १९९७ ला गावातल्या एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने. गावाचं नशीबच पालटलं. गाड्या यायला लागल्या, घराघरांत खानावळी आणि खोल्या निघाल्या. मग २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांना ठार मारून मुखवटा नेला आणि चोरांनी तो वितळवला. मी तेव्हा पुण्यात पेपर वाचून हळहळलो होतो. काकूला विचारलं, गावाला केवढा धक्का बसला असेल नाही?

ती बराच वेळ कातरत राहिली. "सोनं गेलं म्हणून रडायला महिनाभर माणसं येत होती," म्हणाली. "ती दोन माणसं गेली, त्यांच्या घरी किती गेली मोजलीस?" मग सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "माझा गणपती आधीही दगडाचाच होता."

(पोलिसांनी सोनं हस्तगत केलं होतं. नवा मुखवटा २३ नोव्हेंबर २०२१ ला मंदिरात बसला. काकू दर्शनाला गेली आणि येऊन म्हणाली, "छान आहे, पण रांग फार.")

आमच्या आळीत वीज आली ती जुलै उलटताना. दिवा लागल्यावर मी पहिलं काय केलं असेल? फोन चार्जिंगला लावला आणि दोन तास त्यात तोंड घालून बसलो. चौऱ्याऐंशी निरोप होते, एकही महत्त्वाचा नव्हता. पडवीत हीर तसेच पडून राहिले.

ऑगस्टमध्ये पोफळीची रोपं लावली, एकशे वीस. खड्डे मी केले, रोपं काकूने बसवली. धरेपर्यंतची वर्षं मी पुन्हा मोजून दाखवायच्या बेतात होतो, तिने आधीच हात वर केला. "मी काय खायला लावत्ये? उघडं बघवत नाही म्हणून लावत्ये."

२२ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी मुंबईकर फारसे आले नव्हते. आरतीला आम्ही सहा जण होतो.

पुण्याला परतलो आणि काही महिने मी असह्य झालो होतो, असं घरचे म्हणतात. कपाटं रिकामी केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला अपरिग्रहावर प्रवचन दिलं, सहाच शर्ट ठेवले आणि सहाच ठेवलेत हे सगळ्यांना सांगितलं. बायको एक दिवस शांतपणे म्हणाली, "आधी तुम्ही नवीन गाडी दाखवायचात, आता रिकामं कपाट दाखवता." वर्मी लागलं. वहीत शेवटची नोंद ती आहे: रिकामं कपाट, २०२०, किंमत शून्य, चाळीस दिवस. त्यानंतर वही भरली नाही.

ट्रेडमिल मात्र अजून पडवीत आहे. भंगारवाला न्यायला आला तेव्हा काकू आडवी आली होती. पावसाळ्यात लुगडी वाळत घालायला तिच्या दांड्यांसारखं दुसरं काही नाही, आणि मे महिन्यात पट्ट्यावर आमसुलं छान सुकतात. माझ्याकडे अकरा दिवस चाललेली वस्तू तिच्याकडे अजून सुखाने नांदते आहे.

या मे महिन्यात गेलो तेव्हा पोफळी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर गेल्या होत्या आणि चौघींना पोय, म्हणजे फुलोरा, आली होती. वाडीत पुन्हा थोडा काळोख आहे. काकूच्या गुडघ्यांनी आता असहकार पुकारलाय, ती खळ्यात खुर्ची टाकून हुकूम सोडते. मी हीर काढले, मोजून अडीचशे, आणि खराटा बांधून तिच्यापुढे धरला. तिने तो जमिनीवर दोनदा आपटला. चार हीर सुटून बाहेर आले.

"सैल बांधलास. सोड आणि परत बांध."

मी दोरी सोडली. हीर खळ्यात पसरले. गोळा करता करता मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

"मोजत काय बसलास? मुठीत धरून बघ."

माझी मूठ पुरली नाही. तिने खुर्चीतूनच वाकून वर आपली मूठ आवळली आणि म्हणाली, "हां, आता गुंडाळ."